साक्षीची कच्ची कॅसेट

त्या नायगाऱ्याला मी जेवढ्या शिव्या घातल्यात तेवढ्या सासूलाबी घातल्या नसतील. कुणी म्हणंल, अगं बायडाबाई, तो पार तिकडं अमेरिकेतला धबधबा, त्यानं तुझं काय घोडं मारलं? मारलंय, म्हणून तर बोलते. उगाच तोंड चालवायची हौस न्हाई मला.

आमी अवसरी बुद्रुकचे. आमचे मालक भागुजी गवंडीकाम करत्यात. मंचरला पारसमल शेठचं कापडाचं दुकान हाये, त्याचा वरचा मजला ह्यांनीच बांधला, तवापास्नं शेठची आन आमची वळख. शेठ दर दिवाळीला गिऱ्हाइकाला कॅलेंडर द्यायचे. बाकीच्या दुकानांची कॅलेंडरं देवादिकांची, पर शेठच्या कॅलेंडरवर परदेशातल्या सीनऱ्या. बर्फाचे डोंगर, निळीशार तळी, धबधबे. आन आमची एकुलती एक पोरगी, साक्षी, ती त्या सीनऱ्यांच्या पायी याडी झालेली.

महिना संपला न्हाई तवर ही पान फाडायची. मला तारीख कळायची न्हाई, दुधाचा खाडा कुठं मांडायचा ते कळायचं न्हाई. मी आरडायचे, "अगं ए टवळे, अजून चार दिस ऱ्हायलेत महिन्याचे!" ती दात काढायची आन पान कणकीच्या खळीनं भितीला डकवायची. आमच्या घराची एक भित नुसती सीनऱ्यांनी भरलेली. त्यात नायगारा मधोमध. शेजारी बर्फाची टोपी घातलेला आफ्रिकेतला किलिमांजारो, त्याच्या खाली स्वित्झर्लंड, न्यूझीलंडचं तळं, नॉर्वेचं आभाळ. "आई, हितं रातच्याला आभाळ हिरवं होतं." मी म्हणायचे, "होऊ दे हिरवं न्हाईतर जांभळं, तू आधी चुलीवरचं दूध बघ, उतू चाललंय."

"मरायच्या आधी ही समदी ठिकाणं बघणार मी," असं म्हणायची. मी तिच्या पाठीत धपाटा घालायचे. मरायचं नाव कशाला घ्यायचं भरल्या घरात? पर खरं सांगते, मनातून मला लई बरं वाटायचं. आमच्या साता पिढ्यांत कुणी मनात तरी एवढ्या लांब गेलं नव्हतं. आन पोरीनं जन्मात बघितलेला सगळ्यात मोठा धबधबा म्हंजे माळशेज घाटातला. मुरबाडला मावशीकडं जाताना एस्टीच्या खिडकीतून. तोबी धड दिसला न्हाई, कारण खिडकीपाशी एक बाई वकत व्हती.

बारावी झाली आन स्थळ आलं. पिंपरी पेंढारचा नवनाथ. सोताचा टेम्पो, घरची थोडी शेती, पोरगा निर्व्यसनी. आपल्यातलेच, जय भीमवाले, कसली खळखळ न्हाई. साक्षीला इचारलं तर म्हणली, "तुमी म्हणाल तसं." तवा मला वाटलं, किती शहाणी माझी लेक. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या मे महिन्यात लगीन धरलं.

लग्नाची शूटिंग करायला पेठचा रुपेश व्हता. त्याचा मंचरला स्टुडिओ. त्या टायमाला मिक्सिंगचं लई खूळ आलं व्हतं. म्हंजे काय, लगीन व्हायचं मांडवात, पर कॅसेटमदी नवरा-नवरी दिसायची फुलांच्या बागेत न्हाईतर बर्फाच्या डोंगरावर. रुपेशकडं तसल्या सीनऱ्या भरलेल्या व्हत्या. साक्षी लग्नाच्या आधीच त्याच्याकडं जाऊन आली. भितीवरच्या जागांची नावं तिनं त्याला सांगितली. "दादा, आमाला ह्या ह्या ठिकाणी फिरवून आण." नवनाथला कळलं तवा तोबी हसला. म्हणला, "खरंखुरं जायाला जमंल तवा जमंल, आत्ता कॅसेटमदी तर जाऊन येऊ."

लगीन झकास झालं. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले, पंगती उठल्या. पोरगी पांढऱ्या साडीत अशी दिसत व्हती की माझीच नजर लागंल म्हणून मी तिच्याकडं नीट बघितलं न्हाई. मग वाटं लावायची येळ झाली. बँडवाला जीव तोडून वाजवीत व्हता. मी असा हंबरडा फोडला व्हता की माझं मलाच भान नव्हतं. आन तो रुपेश मेला क्यामेरा घेऊन पार आमच्या तोंडात घुसलेला, त्याचा लाईट डोळ्यावर. तेवढ्यात साक्षी माझ्या गळ्यात पडली आन कानाला तोंड लावून कायतरी बोलली. मला काय बी ऐकू आलं न्हाई. नुसता तिचा गरम श्वास लागला कानाला. मी मान हलवली, पाठीवर हात फिरवला आन तिला जीपमदी बसवली.

मांडवपरतणीला आली तवा मी इचारलं, "काय म्हणत व्हतीस गं त्या दिशी?" ती कांदा चिरत व्हती. म्हणली, "काय न्हाई गं. असंच." मीबी सोडून दिलं. आता पोरगी हाकेच्या अंतरावर, कवाबी इचारता येईल, असं वाटायचं.

तीन वर्सं नांदली. तिला कावीळ झाली तवा त्यांच्याकडं कांदा काढायची घाई. कुणीतरी कावीळ उतरायची माळ सांगितली. गळ्यात घालायची, माळ लांबत जाती, जशी लांबंल तशी कावीळ उतरती म्हणत्यात. आमी भेटाया गेलो तर पोरगी हळदीवानी पिवळी आन माळ बेंबीपर्यंत लांबलेली. तिची सासू कोंडाबाई हौसेनं दाखवती, "बघा विहीणबाई, केवढी उतरली!" मी आन ह्यांनी दंगा करून तिला दवाखान्यात हलवली. डॉक्टर म्हणले, लई उशीर केला. साक्षी कुणालाच काय म्हणली न्हाई. तिला शुद्धच आली न्हाई परत, तशीच गेली.

रडून रडून माणूस किती रडंल? पुढं कामाला लागावंच लागतं. पर एक दिस मी भाकरी थापत व्हते आन मनाशी तिची हाक आठवाया बघत व्हते. ती "आई" कशी म्हणायची? तोंड समोर दिसत व्हतं, हसणं दिसत व्हतं, पर आवाज येईना. मी लई जोर लावला. भाकरी सोडून, डोळं मिटून बसले. शेजारणीच्या पोरीचा आवाज यायचा, रेडिओवरल्या बाईचा यायचा, माझ्या पोरीचा येईना. तवा मी जेवढी घाबरले तेवढी तिच्या मयताला घाबरले नव्हते. फोटो हाये भितीवर, पर फोटो बोलतोय व्हय? मी ह्यांना म्हणलं, "अहो, आपली साक्षी माझ्या कानातून गेली. मला तिचा आवाज पायजे. कायबी करा." हे मग म्हणले, "लग्नाची कॅसेट हाये की नवनाथकडं."

तोवर नवनाथचं दुसरं लगीन झालं व्हतं. त्याला तरी काय म्हणायचं, तरणाताठा गडी. ह्यांनी जाऊन कॅसेट मागितली, त्यानं गुमान दिली. आता ती लावायची कुठं? दोन हजार पाच साल ते, समद्यांकडं सीडी आलेल्या. व्हीसीआर ऱ्हायला व्हता तो पारसमल शेठच्या घरी, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. त्यांची बायको सूरजभाभी त्याच्यावर महाराजांच्या प्रवचनाच्या कॅसेटी लावायच्या. भाभी म्हणल्या, "ये बायडाबाई, लाज कसली? साक्षी माझ्याच दुकानातली कॅलेंडरं घेऊन मोठी झाली."

लावली कॅसेट. आन काय सांगू तुमाला! आधी नायगारा. पाणी कोसळतंय, कोसळतंय, आन त्याच्या म्होरं माझी पोरगी आन नवनाथ हार घालून उभी, जणू एस्टीची वाट बघत्यात. मग बर्फाचे डोंगर आले. साक्षीची साडी पांढरी, बर्फ पांढरा, रुपेशच्या मशिनीला ते काय उमगलं न्हाई. साडी पार बर्फात गेली. नुसतं माझ्या पोरीचं मुंडकं आन दोन हात डोंगरावर हिंडायला लागले. भाभी हसाया गेल्या आन हसता हसता त्यांनाच रडू फुटलं. मग किलिमांजारो, मग तळं, मग ते हिरवं आभाळ. समदी ठिकाणं झाली पोरीची, एकबी सोडलं न्हाई. आन वरनं सगळा टाइम सिनेमाची गाणी. मांडवातलं एक अक्षर न्हाई. वाटं लावायच्या टायमाला तर आमी दोघी एका बदामात दिसलो, बदाम फिरत फिरत आभाळात गेला आन त्याच्या जागी आला परत नायगारा.

मी त्या टीव्हीपुढं उभी ऱ्हायले आन बोंबलले, "अरं मुडद्या, सरक की बाजूला! मला माझी पोरगी बघू दे!" धबधब्याला बोंबलले मी. खाली दुकानात गिऱ्हाइकं व्हती, समद्यांनी ऐकलं. ऐकू दे.

तशीच तरातरा रुपेशच्या स्टुडिओत गेले. म्हणलं, "पोरीचा आवाज कुठंय?" तो बिचारा गांगरला. "काकू, मिक्सिंगला आवाज काढूनच टाकतो. बँडचा गोंगाट कोण ऐकतंय? आन साक्षीताईंनीच सांगितलं व्हतं, जागा एकबी गाळू नको. मग लग्नातलं कापावंच लागतं."

"मग ते कापलेलं कुठंय?"

"कच्ची कॅसेट असती, काकू. मूळ शूटिंगची. ती मी नवऱ्याकडच्यांना परत दिली, कॅसेट त्यांनीच आणून दिलेली."

माझा जीव भांड्यात पडला. म्हंजे हाये. कुठंतरी हाये माझ्या पोरीचा आवाज.

दुसऱ्या दिशी एकटीच निघाले. आळेफाट्याला एस्टीतून उतरले आन जीपनं पिंपरी पेंढार गाठलं. पोरगी गेल्यापास्नं त्या घराचा उंबरा मी चढले नव्हते. कोंडाबाई अंगणात लसूण निवडत बसलेली. "या," म्हणली, पर नजर काय वर केली न्हाई. मी पाणीबी घेतलं न्हाई, म्हणलं, "कच्ची कॅसेट द्या, लग्नाची. वाटं लावताना पोरगी कानात कायतरी बोलली व्हती, ते ऐकायचंय मला."

कोंडाबाईचा हात थांबला. "ती व्हय," म्हणली. "ती नवनाथच्या दुसऱ्या लग्नात वापरली. घरात कॅसेट पडूनच व्हती, म्हणून शूटिंगवाल्याला तीच दिली. कशाला नवी आणा, म्हणलं. कुणाच्या ध्यानात आलं न्हाई बघा."

मला वाटलं, हिच्या डोक्यात लसणाची पाटी घालावी. "तुमच्या घरात कुणाच्या ध्यानात कायच येत न्हाई, विहीणबाई," मी म्हणलं. "पोरगी पिवळी पडली ते तरी आलं व्हतं का?" कोंडाबाई रडाया लागली. रड म्हणलं, मला तुझं रडणं काय करायचंय? मी तिथंच खाली बसले. दुसऱ्यांदा मेली माझी पोर, आन तीबी पुन्यांदा ह्याच घरापायी.

तेवढ्यात आतून नवनाथची दुसरी बायको आली. वैष्णवी. साक्षीच्याच वयाची असंल. हातात कॅसेट. माझ्याजवळ बसली आन म्हणली, "मावशी, आमचं लगीन लहानात झालं. विहारात, घरचीच माणसं. कॅसेट मोठी हाये. तेवढी काय समदी पुसली नसंल. मागं ऱ्हायलं असंल कायतरी. वाटं लावणं तर शेवटाला असतं ना?"

मी म्हणलं, "अगं, पर तुझं लगीन हाये ह्याच्यात. मी नेली तर तुला?"

"मला काय, मी हाये की जिती," ती म्हणली. "न्या तुमी."

मी त्या पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवला. तिला शिव्या द्यायच्या असं ठरवून गेले व्हते मी.

येताना एस्टीत कॅसेट पोटाशी धरली व्हती. देवाधर्माचं मी काय करत न्हाई, पर त्या दिशी बाबासाहेबांना आन बुद्धाला आन दिसंल त्या डोंगरालाबी हात जोडले. एवढंच म्हणलं, शेवटचं पुसलं गेलं नसू दे.

मंचरला हे माझी वाट बघत थांबलेले. वर चला म्हणलं, तर हे जिन्यापर्यंत आले आन थांबले. "तू बघ," म्हणले. "मला न्हाई व्हायचं." शेठनी त्यांना दुकानात गादीवर बसवलं, च्या दिला. मी आन भाभी वर.

आधी वैष्णवीचं लगीन लागलं. तोच नवनाथ, तसाच हार, तसाच हसतोय. भाभी म्हणल्या, "बघू नको तू, मी पळवते पुढं." माणसं तुरूतुरू पळायला लागली. मग एकदम समदं गेलं. टीव्हीवर नुसत्या मुंग्या आन खरखर. मी भाभीचा हात घट्ट धरला. खरखर, खरखर, आन मग बँडचा आवाज आला. आमचा बँड. आमचा मांडव. आमची पंगत बसलेली, हे स्वता जिलेबी वाढतायत.

कुठं नायगारा न्हाई, बर्फ न्हाई. धुळीतला मांडव, पत्रावळी, आन माझी लेक आख्खी, साडीसकट.

मग वाटं लावणं आलं. मी रडतीय, तोंड वेडंवाकडं करून. साक्षी माझ्या गळ्यात पडली. रुपेश तोंडात घुसलेलाच व्हता, ज्याला मी तवा शिवी हासडली व्हती, त्याच्यामुळं समदं ऐकू आलं. बँडच्या खालनं, माझ्या रडण्याच्या खालनं, पर सपष्ट.

"आई, मला नाय जायचं."

भाभींनी मागं घेऊन परत लावलं. "आई, मला नाय जायचं. नको ना पाठवू." रडून नव्हती बोलत. पोरी रडत रडत म्हणत्यात तसं नव्हतं ते. दबक्या आवाजात, नीट, समजावून सांगितल्यावानी बोलत व्हती. आन टीव्हीतली मी मान हलवतीय. हां हां म्हणून मान हलवतीय, पाठीवर हात फिरवतीय, आन तिला दंडाला धरून जीपमदी बसवतीय. तिनं एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं. मग बसली जाऊन.

जगभर हिंडायला निघालेली माझी पोर. नायगाऱ्याला जायाला तयार, आफ्रिकेला जायाला तयार, हिरव्या आभाळाखाली जायाला तयार. तिला ह्या एवढ्या पिंपरी पेंढारला तेवढं जायाचं नव्हतं.

भाभी म्हणल्या, "बायडाबाई, अगं समद्या पोरी असंच म्हणत्यात. मीबी म्हणले व्हते मारवाडातून येताना." म्हणल्या असतील. मीबी म्हणले असंन माझ्या लग्नात. पर माझ्या आईनं मला जवाब तरी दिला व्हता, नांद गं बाई म्हणून. माझ्या पोरीला वाटलं असंल, आईनं ऐकलं आन ऐकूनबी पाठवली. तीन वर्सं तिनं तेच धरलं असंल मनात. म्हणून त्या दिशी कांदा चिरताना काय न्हाई म्हणली. दुखणं आलं तवाबी निरोप धाडला न्हाई, तो ह्याच्यामुळंच का? कुणाला इचारू? जिला इचारायचं ती न्हाई.

खाली आले. हे गादीवरनं उठून उभे ऱ्हायले. सिमेंटनं फाटलेले हात एकमेकांत गुतवलेले. "घावला का आवाज?"

"घावला," म्हणलं.

"काय म्हणत व्हती गं?"

आता काय सांगू ह्या माणसाला? ह्यांनीच स्थळ आणलेलं, ह्यांनीच सुपारी फोडलेली. मी पदर सावरला. म्हणलं, "म्हणत व्हती, आई, बाबांना जप. त्यांच्या जेवणाकडं बघत जा."

हे तिथंच खाली बसले, शेठच्या दुकानात, साड्यांच्या ढिगापाशी, आन पोरावानी रडले. पर तोंड हसत व्हतं. कॅसेट मी भाभीपाशीच ठेवली. ह्यांनी दोनदा मागितली, मी सांगितलं, मशिनीत गुतून तुटली.

तवापास्नं ह्यांना एकच इषय. कामावर, पारावर, सोयऱ्यात, समद्यांना सांगत्यात, "जाता जाता माझं नाव घेतलं लेकीनं. माझ्या जेवणाची काळजी व्हती तिला." आन माझ्याकडं वळून इचारत्यात, "व्हय ना गं?" मी म्हणते, "व्हय." रोज ताटाला बसले की म्हणत्यात, वाढ नीट, साक्षीनं सांगितलंय.

मला पोरीचा आवाज पायजे व्हता, तो मिळाला. आता तो जात न्हाई. भाकरी थापताना येतो, पाणी भरताना येतो, अगदी कानाला लागून येतो. मी म्हणते, साक्षे, दुसरं कायतरी बोल गं. लहानपणचं बोल, त्या सीनऱ्यांचं बोल, मला उलटून बोल. न्हाई बोलत. तेवढंच बोलती.